सातशे मिलीची मुरणी

कोइमतूर
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

बिरदेव,

आणि जिलेबी कुठं गेली? देवळाचा कळस दाखवलास, मेंढरं दाखवलीस, आबाच्या हातातली काठी दाखवलीस, मग तेवढी जिलेबीच कशी राहिली? चार वर्षांमागं आबा गेला तेव्हा फोनवर ओरडत होतास, "दादा, तू जिलेबी खाल्लीस, जिलेबी!" आणि आता फिल्म काढायची वेळ आली तर मला साधू करून ठेवलंस. फोनवर शिव्या आणि पडद्यावर हार. ही कुठली पद्धत?

फोन करू नकोस, उचलणार नाही. तुझा आवाज ऐकला की माझ्या तोंडातून शिव्याच येतात. लिहिताना हात दुखतो म्हणून शिव्या कमी होतात. आठवी नापास माणसाचं अक्षर आहे, लावून लावून वाच. तू बारावी झालास, तुला जमेल.

बुधवारी जेवायच्या सुट्टीत हे झालं. आमच्या गलाईच्या दुकानात सोनारांचं मोडीचं सोनं येतं. आम्ही ते मुशीत घालून भट्टीवर गाळतो, घाण काढतो, लगड करून परत देतो. सात पोरं आहोत, सगळी आपल्याच भागातली. भट्टीच्या खोलीत मोबाइल चालत नाही, म्हणून डब्याला बसलो की सगळे मोबाइलला चिकटतात. आटपाडीचा शिवतेज म्हणाला, "ज्योतिबा, ह्यात तुमचं गाव हाय बग. आन् त्या पोराचं नाव बी ज्योतिबाच हाय."

एकवीस मिनिटं. सगळे माझ्या खांद्यावरून बघत होते. शेवटी नावं आली. कथा, सोनिया. कॅमेरा, सम्मेद, सांगली. खाली तुझा फोटो, निळ्या साडीत. शिवतेज एकदा फोटोकडं बघतो, एकदा माझ्याकडं. "आरं, नाक तर तुजंच हाय की. भावाची भन झाली व्हय रं?" त्याच्या कानाखाली एक वाजवली. मग त्याच्याच मोबाइलवर फिल्म परत लावली.

आप्पासो शेठनंपण बघितली. विट्याकडचा माणूस, दुकानाचा मालक, जन्मात कुणाला बरं म्हटलेलं नाही. तो म्हणतो, "लेका ज्योतिबा, धाकट्यासाठी काठ्या खाल्ल्यास? आमी समजत हुतो तू नुसता तेजाब हाईस." सगळी हसली. तेजाब म्हणजे आमचं ते अॅसिड, हातावर पडलं तर हाड दिसतं. मीपण हसलो. काय म्हणणार? न्हाई शेठ, मी काठ्या न्हाई, जिलेबी खाल्ली, असं?

माझं नाव तसंच ठेवायची काय गरज होती? दुसरं कुठलं नाव सुचलं नाही? आणि तो पोरगा कुठल्या शाळेतला आणलास? गोरा, दात सरळ. तीन काठ्या बसतात आणि तिसरीला तो रडतपण नाही. मेंढक्याचं पोर असं नसतं. मेंढक्याचं पोर पहिल्या काठीला पळतं.

सुरवातीला शहरातल्या लोकांसाठी पाटी लावलीस ती बरोबर आहे. पोरं जगत नसली की पुढच्या मुलाचं नाक टोचतात, त्याला दगडू-धोंडू काहीतरी म्हणतात, केस राखतात, म्हणजे मरणाला वाटतं इथं नेण्यासारखं काही नाही. माझ्यानंतर आपल्याकडं दोन गेली. म्हणून तू झालास तेव्हा आईनं बिरोबाला नवस बोलला, तुझ्या नाकात सोन्याची मुरणी घातली, नऊ वर्षं केसाला कात्री लावली नाही, परकर नेसवला आणि दगडाबाई म्हणून हाक मारली. अख्खी वस्ती तुला आली-गेली म्हणायची. मीपण. मग एक दिवस देवळात केस उतरवले, मुरणी काढली आणि सगळ्यांना सांगितलं, आता ह्याला बिरदेव म्हणायचं. हे सगळं पाटीत आहे. माझ्यासाठी कुणी कधी नवस बोललं नव्हतं, ते मात्र पाटीत नाही. मी आपला न मागता जगलो. असल्या पोरावर कोण फिल्म काढणार?

मुरणी ओढ्यात पडते असं दाखवलंस. पाण्यात पडताना बरी दिसते.

आता तुझ्या निरोपाचं. एकवीस डिसेंबरला दहिवडीत फिल्म दाखवणार आहेत, मी सुट्टी काढून यावं आणि आईला घेऊन तिथं बसावं, असं तू म्हणतोस. आई येणार नाही. तिचं बोलणं तुला पाठ आहे. "आदी मुरणी आणून उंबऱ्यावर ठेव म्हणावं, मग तोंड दाखव." अकरा वर्षं झाली, त्यात एक अक्षर बदललेलं नाही. तू पेटीतली मुरणी चोरलीस, विकलीस आणि त्याची लाली-पावडर आणलीस, असं तिनं मनात धरलंय ते धरलंय. ते तुम्ही दोघांनी बघा. मला मधे घेऊ नका.

मुरणी कुठं गेली ते मला काय माहीत? मी तेव्हा इथं होतो.

ज्योतिबा


कोइमतूर
रविवार, २६ ऑक्टोबर

जिला तिकडं सोनिया म्हणतात तिला,

भडंगाचा पुडा आणि टॉवेल मिळाला. भडंगाला हळदीचा वास येतो. शिवतेज म्हणाला, सांगलीचं काहीपण असंच येतं. पुड्यावर पत्ता वाचला. हळदीच्या गोदामावरची खोली, द्वारा चंदनबाला काकू, ब्लाउज शिलाई. त्या जैन काकूंनी तुला ठेवून घेतलं, शिलाई शिकवली, बारावीला बसवलं, हे मला फिल्मनंतर कळलं. आपल्या लोकांनी ओढ्यापलीकडं हाकललं आणि काकूंनी मशिनीवर बसवलं. मी काही बोलत नाही. टॉवेल चांगला आहे.

पण भाऊबीजेला भावानं द्यायचं असतं. तू उलटं पाठवून मला खाली बघायला लावतेस. मुद्दाम केलंस ना? कुणी पाठवलं म्हणून पोरांनी विचारलं. मी म्हणालो, सांगलीहून आलंय. शिवतेजनं मूठभर भडंग तोंडात टाकलं आणि कानाला हात लावून लांब सरकला.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. मी विचारलं जिलेबी कुठं गेली, आणि तू लिहिलंस, "मला तसा भाऊ पाहिजे होता. निदान एकवीस मिनिटं." यापेक्षा चप्पल पाठवायची होतीस पुड्यात.

सांगलीत फिल्म दाखवली तेव्हा लोकांनी त्या पोरासाठी टाळ्या वाजवल्या म्हणे. वाजवू देत. काय झालं होतं ते मी लिहून ठेवतो, म्हणजे टाळ्यांनी ते पुसायला नको.

तू नऊ वर्षांची होतीस, मी तेरा. सकाळपासून देवळात ढोल वाजत होते, न्हावी बसला होता, पाव्हणे आले होते. तू माझ्याकडं आलीस, दोन्ही वेण्या हातात धरून. वेण्या मीच घातल्या होत्या, आई स्वयंपाकात होती म्हणून. रोज मीच तर घालायचो. तू म्हणालीस, "दादा, मला लपीव. आजच्या दीस लपीव, उद्या मी जाती." उद्या कुणी केस कापणार नाही असं तुला वाटलं होतं. मी तुला करडांच्या डालग्याखाली घातलं, वर घोंगडं टाकलं. आत तीन करडं होती. तू त्यांची तोंडं दाबून धरलीस, ओरडू नयेत म्हणून. इथवर तुझी फिल्म बरोबर आहे.

मग आबा आला. काठी नव्हती त्याच्या हातात. त्याच्या हातात पुडा होता. खाली बसला, माझ्या खांद्यावर हात टाकला. आबानं माझ्या खांद्यावर हात टाकलेला तो एकच दिवस आठवतो मला. म्हणाला, "ज्योतिबा, तू थोरला. घरचा गडी. सांग." जिलेबी गरम होती. मी तोंडानं काही बोललो नाही. नुसती मान वळवली डालग्याकडं.

फिल्ममधल्या पोराला तीन काठ्या बसल्या. मला कुणी बोटसुद्धा लावलं नाही. न्हाव्यापुढं तू डोकं हलवत होतीस म्हणून धरायला मलाच बोलावलं. माझ्या बोटांना तेल आणि पाक दोन्ही लागलेलं होतं. मी डोकं धरलं. आता वाजवा म्हणावं टाळ्या.

हे लिहिताना सगळीकडं आली-गेली करून लिहिलं गेलं. तुझ्यासाठी केलेलं नाही. जिभेला आधीची सवय आहे. नऊ वर्षं एक बोलायला शिकवलं आणि एका दुपारी सांगितलं की बदल. पोर शेळीला शेळी म्हणायला शिकतं आणि तुम्ही म्हणता आता बोकड म्हण. कुणी मला विचारलं, ज्योतिबा, तुझी बहीण कुठं गेली? बहीण तर माझीपण गेली होती.

ते जाऊ दे. चुलता म्हणतो नाक टोचलं तिथंच बिघडलं. आईलापण आतून तेच वाटतं, आपणच केलं असं. मलापण तसंच वाटायचं. तुझं उत्तर शिवतेजला वाचून दाखवलं: "नाक टोचून कुणी बाई होत नाही दादा. आपल्या वस्तीवर चार दगडू आहेत, चौघं मिशा पिळत हिंडतात. मला फक्त नऊ वर्षं सुट्टी मिळाली होती." शिवतेजनं विचार केला आणि म्हणाला, "ह्ये बरोबर हाय. माजा चुलता धोंडू. त्याला बायकू मिळंना झाली तरी तो काय बाई झाला न्हाई."

डिसेंबरचं परत लिहिलंयस. नाही म्हटलं ना. सुट्टी नाही, लग्नसराईचं सोनं आलंय. आणि मुरणीचं तू माझ्याकडून काय काढायला बघतेस ते मला कळत नाही.

ज्योतिबा


कोइमतूर
रविवार, ९ नोव्हेंबर

दगडे,

आईनं फिल्म बघितली.

अंगणवाडीच्या बाईनं दाखवली मोबाइलवर, ओट्यावर बसवून. दर रविवारी आई सकाळी फोन करते, आज सहा वाजताच आला. आधी तक्रारी. "माजं काम करणारी बाई लय गोरी हाय. आन् मी कवा आसं पदर खोचून रडली?" मग मेंढरांवर घसरली, "कुणाची रं ती मेंढरं? आपली न्हवं. खुराच्या रोगानं मारलेली दिसत्यात." मी म्हटलं, आता संपलं. तर नाही.

म्हणाली, "तुला लय चांगला दाखिवला त्यानं. तू हाईसच तसा."

मग म्हणाली, "पर चोर त्यो चोरच. वड्यात पडली म्हनं मुरणी! माज्या पेटीतनं वड्यात कशी जाईल रं? पाय फुटलं का तिला? आजून खोटंच बोलतुय. येकदा नुसतं खरं बोलला आसता, आई, म्या घेतली, तर म्या इसरली आसती. देवाच्यान इसरली आसती."

मी फोन कानाला लावून उभा होतो. तिनं विचारलं, "ऐकतुयास न्हवं?" मी म्हणालो, "व्हय आई." एवढंच निघालं तोंडातून. अकरा वर्षं दर रविवारी एवढंच निघतं.

ठेवल्यावर हिशेब लागला. तू कथा लिहिलीस. त्यात तू काहीपण लिहू शकत होतीस. मुरणी घरातल्या कुणी नेली असं लिहिलं असतंस तर आज आईनं विचार तरी केला असता, कुणी. तू ती ओढ्यात टाकलीस. ओढ्याला कुणी विचारत नाही. म्हणजे तू कुणाला तरी झाकलंस. आणि झाकायला घरात उरतो कोण?

तुला कधीपासून माहीत आहे?

हे विचारताना मला लाज वाटत नाही, राग येतो. तू एवढी वर्षं गप्प बसून माझ्या डोक्यावर बसलीस. आबानं तुला पट्ट्यानं मारलं तेव्हा तू तेराची होतीस. मी नव्हतो, मला आईनं फोनवर सांगितलं, कसं मारलं, किती वेळ मारलं, आणि तरी कबूल झाला नाही. त्याच्या दोन वर्षं आधी तुला आरशासमोर मुरणी घालताना धरलं होतं, म्हणून सगळ्यांनी तुलाच धरलं. दहावी झालीस आणि घर सोडलंस. आबा गेला तेव्हा सांगलीहून धावत आलीस, तर चुलत्यानं ओढ्यावर अडवलं. म्हणाला, "चोराचा खांदा नको आमाला." साडी नको असं म्हणायची त्याची हिंमत झाली नाही, पोलिसात गेली असतीस. चोर म्हणायला हिंमत लागत नाही. ते निमित्त होतं, मला कळतं. पण निमित्त कुणी हातात दिलं?

मी नेली मुरणी. झालं समाधान?

गणपतीनंतर इकडं यायचं ठरलं तेव्हा आई वाण्याकडं गेली होती. माझी पिशवी भरायची होती. पेटी उघडली. तुझे कापलेले केस एका फडक्यात, मुरणी दुसऱ्या फडक्यात, तुझी पहिली झबली, तुझी करगोटी. मी तळापर्यंत हात घातला. माझं काही सापडलं नाही. एक दात नाही, एक बटण नाही. मी सतरा वर्षांचा, परमुलखात निघालेला, आणि त्या पेटीत मी जन्मलोच नव्हतो. मुरणी खिशात टाकली. विकायला नाही. अडीनडीला, असं मनाला सांगितलं. खरं म्हणजे त्या पेटीतून काहीतरी माझ्याबरोबर यायला पाहिजे होतं.

वाटलं होतं, पुढच्या सुट्टीत परत ठेवीन. आई दसऱ्यालाच पेटी उघडेल हे डोक्यात आलं नाही. मग तिचा फोन आला तेव्हा तू चोर झालीच होतीस. मी म्हटलं, दोन दिवसांत विसरतील.

अजून बरंच आहे. आज हात चालत नाही. आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर दे.

ज्योतिबा


कोइमतूर
रविवार, ३० नोव्हेंबर

सोनिया,

पाकीट एवढं मोठं आणि आत दोनच गोष्टी लिहिल्यास.

पहिली: "तू पेटी उघडलीस तेव्हा मी माळ्यावर होते."

मग तू बोलली का नाहीस? आबानं पट्टा काढला तेव्हा का नाही म्हणालीस, दादानं नेली? मी इथं बाराशे किलोमीटरवर होतो, पट्टा माझ्यापर्यंत पोचणार नव्हता. हे तुला पत्रात विचारणार होतो. पण दुसरी गोष्ट वाचली आणि विचारायचं राहिलं नाही.

लोकरीची वेणी तू अजून ठेवली आहेस.

मला वाटलं होतं तुला आठवतपण नसेल. केस उतरवल्यावर तू वीस-एक दिवस बोलली नव्हतीस. कातरणीच्या वेळी मी काळ्या मेंढीची लोकर चोरली, धुतली, तेल लावलं आणि तिपेडी वेणी वळली. टेकडीच्या मागं मेंढरं नेली की तुझ्या टोपीला आतून बांधायचो. वस्तीकडं यायच्या आधी सोडून घोंगड्यात लपवायचो. चार वर्षं. कुणाला कळलं नाही. मेंढरांना कळलं असेल. तू पळताना ती पाठीवर आपटायची आणि तू मागं हात लावून बघायचीस, आहे का.

मी तुला लिहिणार होतो की हे का नाही दाखवलंस फिल्ममध्ये, हे तर खरं होतं. खोट्या काठ्या दाखवल्यास आणि खरी वेणी गाळलीस. तू आधीच उत्तर लिहून ठेवलंयस. "काठ्या लोकांसाठी. वेणी माझी आहे, ती मी कुणाला दाखवणार नाही. पट्टा बसत होता तेव्हा मी तिचाच विचार करत होते. तुझं नाव घेतलं असतं तर तीपण गेली असती."

तू असलं लिहितेस आणि मी इथं सात पोरांत राहतो. कुठं जाऊन बसणार माणूस? संडासात जाऊन बसलो. शिवतेज दार वाजवतोय, "ज्योतिबा, मेलास का?" मी म्हटलं, "व्हय."

आता उरलेलं सांगतो. हे तुला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही.

इथं आल्यावर दोन वर्षं मुरणी माझ्याजवळ होती. फडक्यात, कमरेच्या कडदोऱ्याला बांधलेली. दिवाळीला घरी गेलो की परत ठेवीन म्हणायचो. दोनदा गेलो. पेटी तिथंच असायची, तूपण तिथंच असायचीस, तुझ्याशी कुणी बोलत नसायचं, आणि मी चार दिवस राहून यायचो. ठेवली असती तर आईनं विचारलं असतं, कुठनं आली? मग कुणीतरी चोर ठरला असता. तू ठरून गेलीच होतीस. दुसरा कशाला, असं वाटायचं.

मग शेठनं मला पहिल्यांदा एकट्याला भट्टी दिली. एका सोनाराची नव्वद ग्रॅमची मोड होती. मूस जुनी होती, बुडाला चीर गेलेली मला दिसली नाही. गाळून वजन केलं तर थोडीफार घट जाते तेवढी गेलीच, वर पाऊण ग्रॅम कमी. आमच्याकडं सोनं कमी आलं की पहिलं काम म्हणजे पोराची कपडे काढून झडती. मग गावाकडं फोन. मग खानापूर-आटपाडी-माणच्या लोकांच्या एकाही दुकानात त्या पोराला कुणी उभं करत नाही. एकदा चोर म्हटलं की झालं. शेठ जेवायला गेला होता. यायला दहा मिनिटं होती.

मी चोर नव्हतो, सोनिया. त्या दिवशी खरंच नव्हतो. मूस फुटकी होती. पण कोण ऐकणार होतं? आणि मला माहीत होतं चोर म्हटल्यावर काय करतात. मी तुझ्यावरून बघितलं होतं.

फडकं सोडलं. मुरणी काट्यावर ठेवली. सातशे मिली. मिलीग्रॅमला आम्ही मिली म्हणतो. एवढं सगळं सातशे मिलीचं. नव्या मुशीत लगड टाकली, वर मुरणी टाकली. मुरणी आधी लाल झाली, मग बसली, मग दिसेना. वजन जुळलं. पन्नास मिली कमी होती ती शेठनं सोडून दिली. म्हणाला, "पहिल्या डावाला लय चांगलं केलंस."

तू ज्यासाठी चोर झालीस ते मी चोर ठरू नये म्हणून वितळवलं. याच्यापुढं लिहायला काही नाही, पण आहे. तिसऱ्या दिवशी भट्टीची राख चाळताना चिरेतून गळलेल्या त्या पाऊण ग्रॅमचा मणी सापडला. शेठनं उचलून खिशात टाकला. तो तुझा होता म्हणायला मला तोंड कुठं होतं?

म्हणून मुरणी परत येणार नाही. लोक म्हणतात सोनं कुठं जात नाही. मी रोज गाळतो, मला विचारा. नव्वद ग्रॅममध्ये मिसळलं की कुठली मुरणी आणि कुठलं डोरलं, ते बघायला देव आला तरी सांगता येत नाही. कुणाच्या तरी गळ्यात असेल तमिळनाडूत. तिला ठाऊकपण नसेल.

आईला उंबऱ्यावर मुरणी पाहिजे. मुरणी नाही. पण ते फडकं मी टाकलं नव्हतं. आईच्या पिवळ्या चोळीचं फडकं आहे, कडेला हिरवी शिलाई, एका कोपऱ्याला गाठ मारून आत बिरोबाचा भंडारा बांधलेला. तो तिनं कुणाला दाखवला नव्हता, पेटी उघडल्याशिवाय कुणाला कळायचं नाही. ते फडकं या पाकिटात घातलं आहे. गाठ सोडलेली नाही. हे पत्र आणि फडकं तिच्या हातात दे.

तू वाचून दाखवू नकोस, तुझ्यावर तिचा विश्वास बसायचा नाही. अंगणवाडीच्या बाईकडून वाचून घे, ओट्यावर, चुलत्याला बसवून. सगळं वाचायचं, जिलेबीपासून. सगळी पत्रं ने. मधलं काही गाळू नकोस. गाळायची तुझी सवय आहे.

तुला वाटेल मग दादा स्वतः का येत नाही. सुट्टी मागितली तर शेठ देईल. मी येत नाही कारण मी भितो. पत्र ऐकताना आई माझ्याकडं बघेल ते मला बघवणार नाही. तू घर सोडेपर्यंत ती तुझ्याकडं तशीच बघत होती आणि तू तेराव्या वर्षापासून ते बघितलंस. मी अठ्ठावीसचा आहे आणि मला जमत नाही. फिल्ममधला ज्योतिबा आला असता. त्याला बोलाव.

एकवीस तारखेला ती येऊन बसली तर मला कळव. नाही आली तरी कळव. आता मी फोन उचलीन. शिव्या तू घाल.

पैसे पाठवायला मोबाइलवर तुझा नंबर टाकला तर खात्री करायला नाव दाखवतं. सोनिया लीलाबाई गोरड असं आलं. बाप म्हणून आबाचं नाव घालता आलं नाही म्हणून आईचं घातलंस का तिचंच घालायचं होतं, ते मला माहीत नाही. पण हेपण बाईला मोठ्यानं वाचायला सांग. तिनं तुला उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि तू तिला नावात घेऊन हिंडतेस, हे तिच्या कानावर पडू दे.

मी बटण दाबलं. ही ओवाळणी समजू नकोस, ओवाळणी घालायला मी समोर बसलेलो पाहिजे. आणि भरपाई म्हणशील तर फाडून टाक. हे फक्त वजन आहे. सातशे मिली, काल शनिवारी दागिन्याच्या सोन्याचा भाव ग्रॅमला अकरा हजार नऊशे, घट कापलेली नाही. आठ हजार तीनशे तीस रुपये.

ज्योतिबा